मेघाच्या नावाची जाकिटं

दोन हजार बावीस सालचा श्रावण. करोनाची दोन वर्षं ज्याने त्याने आपापल्या घरात कानबाई उरकली होती. त्या वर्षी पहिल्यांदा सगळं कूळ पुन्हा गावात जमलं. सुरतेहून, पुण्याहून, नाशिकहून गाड्या भरून भाऊबंद आले. रविवारी कानबाई बसली, गाणी झाली, रोट झाले. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन आम्ही तापीवर गेलो, आणि त्या सोमवारी आमच्या कुळातल्या दोघीजणी नदीतून परत आल्या नाहीत. एक पुनम, सुरतेच्या घरात वैशाखात आलेली सून. दुसरी मेघा.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाचं दैवत. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ, त्याला डोळे, नथ, अंगावर दागिने. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी नदीवर नेऊन तिला पाणी दाखवायचं आणि परत घरी आणायचं. तिचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, कुळाबाहेर कोणाला देत नाहीत. आणि तो संपेपर्यंत कूळ फुटू द्यायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक. एका पंगतीला बसायचं, नदीवर एकत्र जायचं, एकत्र परतायचं.

पूर्वी हे पाणी दाखवणं गुडघाभर पाण्यात व्हायचं. मी पारोळ्याची. लग्न होऊन या गावात आले तेव्हा तापीवर जवळपास कुठे पूल नव्हता, लाकडी नाव होती. आमचं वऱ्हाड काठाशी आलं आणि वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस होऊन नदी चढली. नावाड्याने नाव दोरखंडाने बाभळीला बांधून ठेवली. सासरे गावचे वजनदार, पण त्यांनीही हूं की चूं केलं नाही. नवरदेवासकट सगळं वऱ्हाड महादेवाच्या देवळात मुक्कामाला राहिलं, दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा पलीकडे गेलं. नदी अडली म्हणजे अडली. त्या नावेत कोणी उभं राहिलेलंही मला आठवत नाही. तलाठी असो नाहीतर व्याही, बूड टेकवायचं. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

मग खाली बॅरेज झालं आणि तापी बारमाही भरून राहू लागली. पाणी दिसलं की माणसं येतात. रविवारी धुळ्याहून, जळगावहून गाड्या यायला लागल्या. घाटावर भेळ आली, भाजलेली कणसं आली. नवलने कुठूनशी जुनी मोटरबोट आणली, तिला पिवळा रंग दिला आणि पुढे फायबरचा पांढरा हंस बसवला. नवल आमचाच, माझ्या पुतण्याचा, म्हणजे धनसिंगचा चुलतभाऊ. बोटीवर "प्रवासी १२" असं लिहिलेलं होतं. चार-दोन लाइफ-जाकिटं होती, उन्हात विटलेली, हंसाच्या मागे कोंबलेली.

धनसिंग आमच्या कुळाच्या कानबाईचा कर्ता. त्याची बायको पुष्पाबाई पहूरची. तिची बोली आमच्यापेक्षा निराळी, म्हणून जावा-नणंदा तिला इतकी वर्षं होऊनही "पहूरनी" म्हणत. मेघा त्यांची मुलगी. धुळ्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. चष्मा, कमरेपर्यंत वेणी आणि तोंडाला लगाम नाही.

त्या सोमवारी नवलनेच सुचवलं की आज कानबाईला बोटीतून भर धारेत नेऊन पाणी दाखवू. सगळ्यांना ते फार आवडलं. मोबाईल निघाले. माझे गुडघे बोटीत चढण्यासारखे नव्हते, म्हणून मी घाटाच्या पायरीवर बसून राहिले. मेघा सगळ्यांच्या आधी चढली, शोधून एक जाकीट काढलं आणि घातलं.

"आबा, दोन फेऱ्या करू या ना," ती धनसिंगला म्हणाली. "बाराच लिहिलंय."

"आज कूळ फोडानं नई," धनसिंग म्हणाला. "बठ्ठा एकच बोटमां." आणि सगळे त्या एकाच बोटीत चढले.

"आणि कानबाई बसेल शे मंग बोट कशी बुडी?" नवल हसून म्हणाला.

बेबाबाई, म्हणजे माझी धाकटी जाऊ, सोवळ्याओवळ्याची फार कडक. आरतीचं ताट मेघाच्या हातात द्यायचं ठरलं होतं. बेबाबाईंचं लक्ष तिच्या जाकिटाकडे गेलं.

"व पोरी, ते पारोसं काढ पहिले. कोनाकोनाना घाम लागेल शे त्याले. त्याच आंगे ताट धरशी का?"

"आजी, घाम धुतला की जातो," मेघा म्हणाली.

"आनि तुनी जीभ धुई का कोनी?"

सगळी बोट हसली. मेघाही हसली. धनसिंग म्हणाला, "काढ बेटा. पाच मिनिटांचं काम."

तिने ते काढलं आणि पायरीवर माझ्याकडे फेकलं. "अक्का, सांभाळा. आले की घालते."

"आल्यावर काय करायचंय घालून?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघीही हसलो.

बोट धारेत गेली. आरती सुरू झाली तशी माणसं उभी राहिली. ज्या अंगाने कानबाईला पाण्यात बुडवायचं होतं त्या अंगाला सगळी सरकली, कारण सगळ्यांना ती दिसायला हवी होती, आणि फोटोतही यायला हवी होती. बोट त्या बाजूला कलली. मला वाटलं आता सावरेल. सावरली नाही. हंस आडवा झालेला मी पाहिला. मग टाळ्यांचा आवाज थांबला आणि दुसरा आवाज सुरू झाला.

मासेमारीच्या होड्या जवळ होत्या म्हणून बाकीचे वाचले, कानबाईही हाती लागली. बेबाबाई हंसाच्या मानेला मिठी मारून राहिल्या होत्या. पुष्पाबाईला केसांना धरून ओढून काढलं. पुनम संध्याकाळी मिळाली. मेघा दुसऱ्या दिवशी, खाली बॅरेजच्या जाळीशी.

तेरावं व्हायच्या आत धनसिंगच्या ओट्यावर कुळातले पुरुष बसले. नवल भिंतीला टेकून रडत होता. कोणीतरी म्हणालं, जे झालं ते झालं, आता याला आत घातल्याने पोरी परत येतील का? कोणीतरी म्हणालं, कुळाची चर्चा व्हायला नको, कानबाईवर बोल यायला नको. ठरलं असं, की वरून एकदम पाण्याचा लोंढा आला. चौकशीला साहेब आले तेव्हा एकामागून एक सगळ्यांनी लोंढाच सांगितला.

पुष्पाबाई आतून बाहेर आली. डोक्यावर पदर, आवाज अगदी सरळ.

"लोंढा नव्हता साहेब. बाराच्या बोटीत आम्ही तीस-पस्तीस माणसं होतो. माझ्या मुलीच्या अंगात जाकीट होतं. ते काढायला लावलं."

"कोणी?" साहेबांनी विचारलं.

ती धनसिंगकडे पाहत राहिली. सांगायची संधी तिने त्याला दिली होती, हे मला समोर बसून दिसत होतं. धनसिंग जमिनीकडे बघत होता.

"साहेब, तिचं चित्त ठिकाणावर नाही," तो म्हणाला. "पोर गेलीय तिची."

तिची, म्हणाला तो.

पुढे पुष्पाबाईने लोंढ्याचा वाद घातला नाही. मला एकदा म्हणाली, "अक्का, मला कोणाला तुरुंगात धाडायचं नाही. बोट चालवा म्हणते मी. पण जाकीट घातल्याशिवाय कोणी चढायचं नाही, आणि बारा म्हणजे बारा. एवढं झालं तर माझी मेघा कशासाठी तरी गेली असं होईल." त्यानंतर तिने दुसरं काही मागितलं नाही.

काही महिने बोट बंद होती. घाटावर बंदीची पाटी लागली, भेळवाले गेले. मग संक्रांतीच्या सुमारास ग्रामसभेत विषय निघाला की घाट बंद म्हणजे इतक्या घरांच्या चुली बंद. पुष्पाबाई तिथे उभी राहिली आणि तिची ती एकच गोष्ट बोलली. माना सगळ्यांनी हलवल्या. पण जाकिटं कुठून आणायची? तेव्हा पारसमल शेठ उठले. त्यांचं किराण्याचं दुकान त्यांच्या आजोबांपासून गावात आहे, मारवाडातून आलेलं घर, आणि मेघा लहानपणी त्यांच्या दुकानात गोळ्यांच्या बरणीपाशी बसलेली. ते म्हणाले, जाकिटं माझ्याकडून.

त्यांनी सुरतेहून नवी कोरी नारिंगी जाकिटं मागवली. बोट सुरू झाली त्या दिवशी पाहुणे आले, नारळ फुटला, जाकिटं घालून सगळ्यांचे फोटो निघाले. फोटो काढताना सगळे समोरून होते. नंतर पाठ फिरली तेव्हा दिसलं. प्रत्येक जाकिटाच्या पाठीवर काळ्या अक्षरांत छापलं होतं, "कै. मेघा हिच्या स्मरणार्थ".

पुढच्या रविवारी पुष्पाबाई स्वतः जाकिटं वाटायला घाटावर बसली. धुळ्याचं एक कुटुंब आलं, नवं जोडपं आणि मुलाची आई. त्या बाईंनी जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि पुष्पाबाईच्या मांडीवर परत ठेवलं.

"अहो, नवी नवरी आहे. हे कसं घालायचं अंगात?"

"माझीच मुलगी आहे ती," पुष्पाबाई म्हणाली. "घाला. ती कोणाचं वाईट करायची नाही."

हे ऐकून तर ती नवरी दोन पावलं मागेच सरली. तिघंही तशीच बोटीत चढली.

महिन्याभरात त्यांना मेलेलीची जाकिटं असंच नाव पडलं. लहान मुलांना आया हात लावू देईनात. नवलने ती बोटीत बसायला अंथरली, छापलेली बाजू खाली करून.

पुष्पाबाई मला बरोबर घेऊन पारसमल शेठकडे गेली. शेठ गादीवरून उठले, तिच्यासाठी खुर्ची पुसली. तिने सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"वहिनी, आमच्यात बाकावर लिहितात, पाणपोईवर लिहितात, धर्मशाळेच्या पंख्यावर लिहितात. देणाऱ्याचा हात तिकडेच वळतो. मला सुचलंच नाही."

"पंखा कोनी अंगात घालत नाही," आतून त्यांच्या पत्नी लाडकुंवरबाई म्हणाल्या. शेठांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पुसून टाका. मला राग नाही. माझंच चुकलं."

पेंटरकडून थिनर आणलं. माझ्या ओसरीवर बसून मी जाकीट ताणून धरायचे आणि ती चिंधीने घासायची. आधी तिने नुसतं "कै." पुसलं. मी म्हटलं, मेघा राहू दे, पोरीचं नाव आहे, वाईट काय त्यात? तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "गावाला माहीत आहे ना अक्का. नाव दिसलं की पुन्हा तेच." आणि "मेघा"वर चिंधी ठेवली. सगळी जाकिटं झाली तोवर तिच्या बोटांची सालं निघाली होती. काळं गेलं, पण त्याच्याबरोबर नारिंगी रंगही उडाला, आणि प्रत्येक पाठीवर फिकट पट्टा राहिला. बाहेरच्यांना तो डाग वाटायचा.

ते वर्ष बरं गेलं म्हणायचं. बाहेरगावची माणसं निम्मीशिम्मी का होईना, जाकिटं घालायला लागली. पुष्पाबाई संध्याकाळी ती धुवायची, दोरीवर वाळत घालायची, म्हणजे घामाचं निमित्त कोणाला राहू नये. घाटावरची पोरं तिला जाकीटवाली मावशी म्हणत. धनसिंग घरात होता, पण दोघांत बोलणं जेवण वाढण्यापुरतं. त्या श्रावणात दुखवट्यामुळे कानबाई काठावरूनच पाणी पाहून आली.

दोन हजार चोवीसला कूळ पुन्हा जमलं. पुन्हा बोटीचं ठरलं. मला ते खरं वाटेना, पण सुरतेची मुलं म्हणाली, तेव्हा लोंढा आला होता, दरवर्षी थोडाच येतो. दोन वर्षं तेच तेच सांगून ते आता त्यांना खरंच तसं आठवत होतं.

पुष्पाबाईने सगळी जाकिटं आदल्या दिवशी धुतली, उन्हात वाळवली, गोमूत्र शिंपडलं. सोमवारी पहाटेपासून ती घाटावर होती. पायरीवर जाकिटांची चळत, शेजारी ती उभी. माणसं वाजतगाजत खाली आली आणि चळतीपाशी थांबली. कोणी हात पुढे करेना.

बेबाबाई म्हणाल्या, "धनसिंग घालस ते आम्हीबी घालतस. कर्त्याना मांगे कूळ."

मला हायसं वाटलं. बेबाबाईंच्या तोंडून हे निघालं म्हणजे बाकी कोणी काही म्हणणार नव्हतं. सगळं एका माणसावर आलं होतं.

पुष्पाबाईने वरचं जाकीट उचलून धनसिंगपुढे धरलं. त्याने घेतलं. उलटं केलं. तो फिकट पट्टा पाहिला, त्यावर अंगठा फिरवला. मग एक हात जाकिटात घातला. पुष्पाबाई बंद लावायला पुढे झाली. दोन वर्षांत ती दोघं इतकी जवळ उभी राहिली नव्हती. बँडवाल्यानेही वाजवायचं थांबवलं.

धनसिंगने हात परत बाहेर काढला.

"मेघानी माय, माझ्याने नाही होणार."

"मी तुम्हाला काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "कधीच म्हणणार नाही. फक्त घाला."

"तू नाही म्हणायचीस. हे आज घातलं, तर त्या दिवशी मी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. जाकिटाची नीट घडी घातली, चळतीवर ठेवली आणि कानबाईला घ्यायला वळला.

मग कोणीच घेतलं नाही. एकामागून एक सगळे बोटीत चढले. पुष्पाबाई पुढे जाऊन बोटीच्या तोंडाशी, पाण्यात उभी राहिली. सुरतेच्या एका पुतण्याने तिला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं. "काकू, व्हा ना बाजूला. चांगल्या दिवशी असं नका करू." अगदी मायेने म्हणाला तो. मला वाटतं तेच तिला सहन झालं नाही. एखाद्याने ओरडायला हवं होतं.

बोट गेली. आम्ही दोघी पायरीवर बसलो. धारेत जाऊन बोट थांबली, माणसं उभी राहिली, तशीच एका अंगाला सरकली. बोट कलली. पुष्पाबाईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. बोट सरळ झाली. आरती पुरी झाली, कानबाई पाण्यात बुडून वर आली, कोणीतरी शिट्टी वाजवली.

"अक्का," ती म्हणाली, "एकदा मनात आलं माझ्या, बुडावी. बुडली तर कळेल यांना. आपलीच माणसं, त्यात लेकरं होती, आणि माझ्या मनात असं आलं."



बोट काठाला लागली. सगळे हसत उतरले. बेबाबाई कुंकवाने भरलेलं कपाळ घेऊन पुष्पाबाईपाशी आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "देख, व्हयनं का काही?"

त्यात टोमणा नव्हता. तिला धीर द्यायलाच बोलल्या त्या. पण त्या दिवसापासून घाटावर जाकीट घ्या म्हणणाऱ्याला हेच उत्तर मिळायला लागलं. परवा गेली होती की बोट, काही झालं का? माणूस बुडाला तर सांगता येतं, वाचला तर काय सांगायचं? दिवाळीपर्यंत ती घाटावर बसली. मग एक दिवस गेली नाही.

आता त्या गोष्टीला काळ लोटला. नवलकडे दोन बोटी आहेत. दुसरी मोठी आहे, तिच्यावर हंस नाही, रंगीत दिवे आहेत, आणि किती माणसं ते कुठेच लिहिलेलं नाही, फक्त त्याचा फोन नंबर आहे. पुनमच्या नवऱ्याने सुरतेत दुसरं लग्न केलं, त्याला मुलगा झाला. कानबाईला तो येत नाही. पारसमल शेठांनी दुकान मुलाच्या हाती दिलं. त्यांना आता नीट दिसत नाही, पण मी गेले की अजून विचारतात, अक्षरं पूर्ण गेली का हो? मी गेली म्हणते. जाकिटांपैकी काही कणसं विकणारे बुडाखाली घेतात, काही पोरांनी विहिरीवर पोहायला नेली, बाकीची देवळाच्या खोलीत आहेत, तिथे उंदीर झाले आहेत. बेबाबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. दोन दिवस ताप आला, सुनेच्या हातचं पाणी प्यायल्या आणि झोपेतच गेल्या.

धनसिंग अजून कर्ता आहे. कानबाईला तोच खाली नदीपर्यंत नेतो, बोटीत दुसऱ्याच्या हातात देतो आणि बोट परत येईपर्यंत पाण्याकडे पाठ करून उभा राहतो. तो बोटीत का चढत नाही हे कोणी त्याला विचारत नाही. घरी स्वतः भाकरी थापून खातो.

पुष्पाबाई पहूरला भावाकडे आहे. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मागच्या चैत्रात मी धीर करून तिला भेटायला गेले. केस सगळे पांढरे झालेत. चहा केला, गुडघ्यांचं विचारलं, धनसिंगचं विचारलं नाही. तुरीची डाळ निवडत बसली होती. निवडता निवडता म्हणाली, "घालतात का?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. पुन्हा डाळीत बोटं फिरवू लागली.

"बेबाकाकू गेल्या म्हणे. कशा गेल्या?"

"घरीच. अंथरुणावर, झोपेत."

"बरं झालं, झोपेत गेल्या," पुष्पाबाई म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं.